मेल सर्व्हरवर कॉम्प्रेशन चालू करू की नको? बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उद्यमबागेतले दोन-तीन कारखाने आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, शिवाय पलीकडे महाराष्ट्रात चंदगडलाही शाखा असलेली एक पतसंस्था, एवढ्यांचे मेल सर्व्हर मी सांभाळतो. सगळीकडे लिनक्स, त्यावर मेल पाठवणारा-घेणारा पोस्टफिक्स आणि आलेला मेल लोकांना वाचायला देणारा डव्हकॉट. मृग लागला की फोन सुरू होतात. खानापूरच्या शाखेतल्या वहिनींचं ठरलेलं वाक्य: "अहो, मेल उघडेना झालाय की ओ, सभासद समोर बसलेत." मग संचालकांपैकी कुणीतरी कुठेतरी वाचून आलेलं असतं आणि म्हणतं, कॉम्प्रेशन (म्हणजे डेटा दाबून छोटा करणं) चालू करा की, झालं. दुसरा लगेच म्हणतो, नको, सर्व्हर बसेल. दोघांचंही थोडं बरोबर आणि बरंच चूक असतं. तेच तेच प्रश्न येत राहतात म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय.

कॉम्प्रेशन चालू केलं म्हणजे नक्की काय दाबलं जातं?

हे आधी ठरवा, कारण एकाच शब्दाखाली लोक चार वेगळ्या गोष्टी बोलत असतात. मेल सर्व्हरकडून तुमच्या संगणकाकडे येतो तो आयमॅप नावाच्या ठरलेल्या बोलीने, आणि ती वाहती धार दाबता येते. सर्व्हरच्या डिस्कवर मेल पडून असतो, तोही दाबून ठेवता येतो. वेबमेल ब्राउझरमध्ये उघडतो तेव्हा वेब सर्व्हर पानं दाबून पाठवतो. आणि एके काळी या सगळ्याखालचा टीएलएसचा, म्हणजे डेटा कुलूपबंद करून नेणारा थर स्वतःच दाबण्याचं काम करायचा, ते आता मोडीत निघालंय.

इथे बहुतेक जणांना हवं असतं ते पहिलं, आयमॅपचं. त्याचं मानक ऑगस्ट २००७ मध्ये आलं, आरएफसी ४९७८ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज). लॉगिन झाल्यावर क्लायंट, म्हणजे तुमच्याकडचा मेल वाचायचा प्रोग्राम, 'कॉम्प्रेस डिफ्लेट' अशी आज्ञा देतो, सर्व्हर होकार देतो, आणि तिथून पुढे दोन्ही बाजूंचं बोलणं दाबून जातं. डिफ्लेट म्हणजे झिप आणि जीझिपमधलीच जुनी पद्धत. ३२ केबीच्या खिडकीत मागे वळून बघायचं, तोच तुकडा पुन्हा आला तर 'इतक्या मागे, इतका लांब' एवढंच लिहायचं, आणि उरलेल्या अक्षरांना हफमन पद्धतीने छोटे-मोठे संकेत द्यायचे. या दोन पायऱ्या लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

प्रोसेसरवर भार किती पडतो?

लोक घाबरतात त्यापेक्षा कमी, पण लाईन किती रुंद आहे त्यावर सगळं अवलंबून.

हिशेब साधा आहे. १० एमबीपीएसची लाईन म्हणजे सेकंदाला सव्वा एमबी. डिफ्लेटचं काम करणारी झेडलिब लायब्ररी लेव्हल ६ वर (लेव्हल १ ते ९, जितकी वर तितका दाबण्याचा खटाटोप जास्त) आजकालच्या प्रोसेसरच्या एका साध्या कोअरवर सेकंदाला वीस-तीस एमबी तरी चावते. मजकूर तिपटीने दाबला जातो असं धरलं, तर ती १० एमबीपीएसची लाईन तुडुंब भरायला सेकंदाला पावणेचार एमबी मूळ मजकूर दाबावा लागेल. म्हणजे एका कोअरचा पाचवा-सहावा हिस्सा, तोही लाईन सतत भरलेली असेल तेव्हाच. शाखांचे मेल असे सतत वाहत नसतात.

आता हाच हिशेब ऑफिसच्या आतल्या गिगाबिट जाळ्यावर करा. लाईन सेकंदाला १२५ एमबी नेऊ शकते आणि कोअर दाबू शकतो वीस-तीस. इथे कॉम्प्रेशन म्हणजे मोकळ्या हायवेवर स्वतःच नाका उभारून गाड्या अडवण्यासारखं. आतल्या आत मेल वाचणाऱ्यांना त्याचा काडीचा उपयोग नाही, उलट थांबावं लागतं.

दाबायला जेवढे कष्ट पडतात तेवढे उलगडायला पडत नाहीत. उलगडणं कितीतरी पट वेगवान असतं. आयमॅपमध्ये माल मुख्यतः सर्व्हरकडून खाली येतो, त्यामुळे जड काम सर्व्हरच्या वाट्याला आणि हलकं काम तुमच्या संगणकाच्या वाट्याला.

आणि एक गोष्ट सर्व्हरवाल्यांनाच सांगतो. कोण किती प्रोसेसर खातोय ते दाखवणारी टॉप ही आज्ञा लावून बघा. वरच्या ओळीत बहुतेक वेळा व्हायरस स्कॅनर आणि स्पॅमचा फिल्टर बसलेले दिसतील. क्लॅमएव्ही हा व्हायरस स्कॅनर एकटा आपली व्हायरसची यादी मेमरीत ठेवायला एक जीबीहून जास्त रॅम घेतो. कॉम्प्रेशनचा लोड त्यांच्या सावलीत असतो.

म्हणजे लाईन हळू असेल तर डोळे झाकून चालू करायचं?

डोळे उघडे ठेवूनच. लाईन आणि प्रोसेसर यांची तुलना सगळे करतात, पण मेलच्या पोटात काय आहे ते कुणी बघत नाही. खरा प्रश्न तिथे आहे.

आपल्याकडच्या मेलमध्ये मजकूर चार ओळींचा असतो: "सोबत जोडले आहे, कृपया पाहावे." वजन सगळं जोडलेल्या फाईलीत. आणि ती फाईल बहुतेक वेळा आधीच दाबलेली असते. जेपीईजी फोटो आधीच दाबलेला, पीडीएफच्या आतले प्रवाह डिफ्लेटनेच दाबलेले, आणि नव्या वर्ड-एक्सेलच्या फाईली म्हणजे नाव बदललेल्या झिप फाईलीच. दाबलेलं पुन्हा दाबून काय निघणार? उसाच्या चिपाडातून दुसऱ्यांदा रस काढण्याची गोष्ट.

पण थांबा, एक गंमत आहे. मेलमधून फाईल जाते ती बेस-६४ च्या वेशात, म्हणजे ६४ साध्या अक्षरांत लिहून. तीन बाइटची चार अक्षरं होतात, दर ७६ अक्षरांनंतर ओळ तुटते, म्हणजे ५७ बाइटच्या जागी ७८ बाइट जातात. १० एमबीचा फोटो मेलमध्ये १३.७ एमबीचा होतो. ही सुजलेली चरबी डिफ्लेट काढू शकतो. बेस-६४ मध्ये अक्षरं फक्त ६४, त्यांना आठ बिट कशाला, सहा पुरतात. हे काम हफमनची पायरी एकटी करते आणि १३.७ चे पुन्हा दहा-साडेदहा होतात.

२ एमबीपीएसच्या लाईनवर १३.७ एमबी यायला साधारण ५५ सेकंद लागतात, १०.३ एमबीला ४१. चौदा सेकंद वाचले आणि सर्व्हरचा एक सेकंदही खर्च झाला नाही. जांबोटीच्या पुढे पावसात, जिथे ४जी राउटरला एक काडी येते आणि जाते, तिथे हे चौदा सेकंद मोलाचे. टिळकवाडीत फायबरवर बसलेल्या माणसाला कळणारही नाहीत.

मराठी आणि कन्नड मेल जास्त दाबले जातात म्हणे?

खरं आहे, आणि कारण बघण्यासारखं आहे.

यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणक अक्षरं साठवतो त्या आजच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. 'बेळगाव' या शब्दात काना-मात्रा वेगळ्या धरून सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट. इंग्रजीत लिहिलं तर सात-आठ बाइटमध्ये आटोपतं. पण त्या तीन बाइटांपैकी पहिला कायम तोच, आणि दुसरा दोनपैकी एक. बदलतो तो खरा तिसरा. कन्नडचंही तसंच, फक्त दुसऱ्या बाइटची जोडी वेगळी. म्हणजे एवढा पसारा मांडलेला असला तरी नवी माहिती थोडी, आणि डिफ्लेटला असलं खाद्य फार आवडतं.

मेल क्लायंट हा मजकूर कुठल्या वेशात पाठवतो त्यावर पुढचं ठरतं. 'कोटेड प्रिंटेबल' निवडलं तर प्रत्येक बाइटची तीन अक्षरं होतात, 'बेळगाव' ५४ अक्षरांचं होतं. बेस-६४ मध्ये तेच २४.

कधी मराठी विषय असलेल्या मेलचा कच्चा सोर्स उघडून बघा. बेस-६४ मधला विषय बहुतेक वेळा इंग्रजी कॅपिटलमधल्या '४-के-एस' ने सुरू होताना दिसेल. पहिल्या शब्दात स्पेस येईपर्यंत दर चार अक्षरांचा गट '४-के-एस' किंवा '४-के-डब्ल्यू' ने सुरू होतो. विषय कन्नड असला तर तिथे '४-एल-के' किंवा '४-एल-ओ'. मला आता सवय झालीय. मेल कुठल्या भाषेतला आहे हे उलगडायच्या आधीच कळतं. तालुका कचेरीकडून आलेला की चंदगडकडून, हे ओळखायला एवढं पुरतं! मात्र मध्ये एक स्पेस आली की तीनचा ताल सरकतो आणि तेच अक्षर वेगळ्या रूपात दिसतं. त्यामुळे बेस-६४ मध्ये गेलेला मजकूर उघड्या मजकुराइतका छान दाबला जात नाही, तरी बऱ्यापैकी जातो. 'कोटेड प्रिंटेबल' वाला मात्र सडकून दाबला जातो, कारण तो मुळातच फुगवलेला असतो.

जुन्या श्रीलिपी किंवा नुडीच्या फॉन्टात टाईप केलेले मेल अजून कुणी पाठवत असेल, तर त्यांना हे काही लागू नाही. ते संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरंच असतात.

लेव्हल किती ठेवायची? १, ६ की ९?

डव्हकॉटमध्ये न सांगता ६ असते. मी १ ते ३ मध्ये ठेवतो. का, ते माझ्या फजितीवरूनच सांगतो.

मार्चअखेरची गोष्ट. पतसंस्थेच्या सर्व्हरला दोनच कोअर. शाखांकडून तक्रारी वाढल्या म्हणून मी हुशारी करून लेव्हल ९ केली. मनात म्हटलं, जास्त दाबलं तर जास्त लवकर जाईल. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला सगळ्या शाखा एकदम उघडल्या, प्रत्येकाने इनबॉक्स सिंक करायला घेतला आणि लोड चढत गेला. आधी हळू असलेला मेल आता थांबूनच राहिला. कुठलं फंक्शन प्रोसेसर खातंय ते दाखवणारं पर्फ टॉप लावून बघितलं तर झेडलिबचं 'लाँगेस्ट मॅच' नावाचं फंक्शन सगळ्यांच्या डोक्यावर बसलेलं. हे फंक्शन मागच्या ३२ केबीत लांबात लांब जुळणारा तुकडा शोधत फिरतं, आणि लेव्हल जितकी वर तितकं हट्टाने शोधतं. पण त्या दिवशी धारेत होतं काय? ठेवींच्या प्रमाणपत्रांचे स्कॅन आणि ऑडिटच्या पीडीएफ, सगळं बेस-६४. तिथे जुळणारा तुकडा मिळणारच नाही, शोधणारा दमेपर्यंत शोधत राहिला. जो काही फायदा व्हायचा तो हफमनकडून, आणि हफमन लेव्हल १ वरही तेवढंच काम करतो.

लेव्हल १ केली, सर्व्हर शांत झाला, दाबण्यात फरक नावाला पडला. अध्यक्षांनी विचारलं तेव्हा मी "सेटिंगमध्ये थोडा बदल केला" एवढंच म्हणालो.

मजकुराच्या मेलना लेव्हल ६ चा थोडा फायदा होतो हे खरं. पण ६ वरून ९ वर जाण्यात वेळ खूप जातो आणि मिळतं चिमूटभर.

सीपीयू ठीक आहे, रॅमचं काय?

हा प्रश्न फार थोडे विचारतात, आणि लहान सर्व्हरवर आधी हीच गोष्ट चावते. डिफ्लेट एका कनेक्शनला नेहमीच्या सेटिंगवर २५६ केबी घेतो, उलगडण्याच्या बाजूला आणखी चाळीसेक केबी. म्हणजे दर कनेक्शनला तीनशे केबी. ऐंशी कर्मचारी आहेत आणि सगळे थंडरबर्ड हा क्लायंट वापरतात असं धरा. थंडरबर्ड एका खात्याला पाचपर्यंत कनेक्शनं उघडून ठेवतो. ऐंशी पंचे चारशे, चारशे गुणिले तीनशे केबी, झाले १२० एमबी. त्यातली बहुतेक कनेक्शनं नुसती वाट बघत बसलेली असतात, पण जागा धरून असतात. १ जीबीच्या स्वस्त व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) हे जाणवतं, ८ जीबीच्या मशीनवर विसरून जा. थंडरबर्डच्या सर्व्हर सेटिंगमध्ये पाचाचे दोन केले तरी पुष्कळ.

टीएलएसमध्येच कॉम्प्रेशन असतं ना? ते चालू केलं की सगळंच दाबलं जाईल.

ते बंदच ठेवा. यावर वाद नाही.

२००४ च्या आरएफसी ३७४९ ने टीएलएसमध्ये कॉम्प्रेशन आणलं, आणि २०१२ मध्ये 'क्राइम' नावाच्या हल्ल्याने त्याची वाट लागली. युक्ती अशी: गुप्त गोष्ट आणि हल्लेखोराने घुसवलेला मजकूर एकाच धारेत दाबला गेला, आणि त्याचा अंदाज गुप्त गोष्टीशी जुळला, तर पाकिटाची लांबी थोडी कमी होते. आतलं काही न वाचता नुसती लांबी मोजत तो एकेक अक्षर काढत जातो. ओपनएसएसएलने १.१.० पासून, म्हणजे २०१६ पासून, हे न सांगताच बंद केलं, आणि २०१८ च्या टीएलएस १.३ मध्ये तर ते काढूनच टाकलंय. कुणी जुना सर्व्हर चालवत असेल तर पोस्टफिक्स आणि डव्हकॉट दोन्हींत 'नो कॉम्प्रेशन' चा पर्याय आहे, तो लावा.

मग आयमॅपचं कॉम्प्रेशन तरी सुरक्षित कसं?

तिथे पासवर्ड धारेत येत नाही. डव्हकॉटमध्ये कॉम्प्रेशन लॉगिननंतरच सुरू होतं, तोवर पासवर्ड साध्या टीएलएसमधून निघून गेलेला असतो. शिवाय 'क्राइम' ला ब्राउझरकडून तीच विनंती हजारो वेळा करून घ्यावी लागते. मेल क्लायंट एक मेल एकदाच उतरवतो आणि जपून ठेवतो. शंभर टक्के निर्धोक म्हणणार नाही, कारण हल्लेखोर तुम्हाला मेल पाठवू शकतो आणि तोही त्याच धारेत दाबला जातो. पण पतसंस्थेच्या मेलला त्यापेक्षा मोठा धोका टेबलाच्या काचेखाली ठेवलेल्या पासवर्डच्या चिठ्ठीचा आहे.

मेल पाठवताना, म्हणजे एसएमटीपीवर, कॉम्प्रेशन करता येतं का?

नाही. एसएमटीपीला तसं मानक जोडच नाही.

पण इथे दुसरीच चोरी चालते, ती पकडा. तुम्ही ५ एमबीची फाईल जोडून 'पाठवा' दाबता. ती एकदा एसएमटीपीने वर जाते. मग क्लायंट तीच प्रत 'सेंट' फोल्डरमध्ये ठेवण्यासाठी आयमॅपने पुन्हा वर पाठवतो. एक मेल, दोन खेपा. आपल्याकडच्या जुन्या ब्रॉडबँडवर खाली येणारा वेग ठीक असतो, वर जाणारा रडतखडत. निपाणीच्या शाखेत "पाठवताना अडकतंय" ही तक्रार महिनाभर होती, तिचं मूळ हेच निघालं. दुसरी खेप आयमॅपची असल्यामुळे ती तरी दाबली जाते. पण खरा उपाय म्हणजे क्लायंटमधलं 'प्रत ठेवा' बंद करायचं आणि सर्व्हरलाच प्रत ठेवायला लावायचं. सर्व्हर ते करत नसेल तर मात्र बंद करू नका, नाहीतर उद्या "मी पाठवलेलं पत्र कुठाय" म्हणून तुमच्याच दारात येतील.

उद्यमबागेत आम्हाला पुण्याहून ड्रॉइंगं येतात, मोठमोठी. त्यांना फायदा होईल?

फाईल कुठली त्यावर. स्टेप प्रकारची ड्रॉइंगची फाईल असेल तर भरपूर, कारण ती आतून साधा मजकूर असते, ओळीच्या ओळी सारख्या. ती बेस-६४ मध्ये गेली तरी दाबली जाते, पण तीनच्या तालाची अडचण मघाशी सांगितली, त्यामुळे पुरती नाही. टॅलीतून काढलेली एक्सएमएल फाईल आणि सीएसव्ही यांचंही असंच.

म्हणून पाठवणाऱ्यालाच सांगा, जोडण्याआधी झिप करा. त्याच्या टेबलावरचा संगणक रिकामाच बसलेला असतो. काम एकदाच होतं आणि मेल जिथे जिथे जाईल तिथे हलकाच जातो. सर्व्हरवर दाबायचं म्हटलं तर दहा जणांनी उतरवलं की दहादा दाबावं लागतं. कारखान्यातल्या मोल्डिंगच्या सुपरवायझर अण्णांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे कास्टिंग घासूनच डिस्पॅच करायचं, गिऱ्हाइकाकडं जाऊन घासायचं नाही." हो, तेच.

वेबमेल वापरणाऱ्यांना काय?

त्यांना आयमॅपच्या कॉम्प्रेशनचा संबंध नाही. राउंडक्यूब हा वेबमेल आणि डव्हकॉट एकाच मशीनवर असतील तर त्या दोघांमध्ये कॉम्प्रेशन लावणं म्हणजे घरातल्या घरात कुरिअर करणं. ब्राउझरकडे जाणारी पानं एनजिनएक्स या वेब सर्व्हरने जीझिप करू द्या. त्याची मूळ लेव्हल १ च आहे आणि न सांगता तो फक्त एचटीएमएल दाबतो, बाकीचे मजकुराचे प्रकार तुम्ही नेमून द्यायचे. ज्या पानांत गुप्त टोकन असतात त्यांच्यावर 'क्राइम' चा भाऊ 'ब्रीच' चालू शकतो, तो २०१३ मध्ये दाखवला गेला. त्यामुळे वेबमेलची आवृत्ती ताजी ठेवा.

वेबमेलचा एक न बोललेला फायदा असा की जोडलेली फाईल सर्व्हरवरच बेस-६४ मधून मोकळी होते. म्हणजे ती ३७ टक्क्यांची सूज ब्राउझरपर्यंत येतच नाही. आयमॅपलाही हे जमतं, एप्रिल २००३ च्या आरएफसी ३५१६ मध्ये 'बायनरी' नावाची सोय आहे आणि २०२१ च्या आयमॅप४रेव्ह२ मध्ये ती मुळातच घेतलीय. पण क्लायंटनी मागितली तर ना! खरं औषध तेच होतं, कॉम्प्रेशन ही मलमपट्टी.

डिस्कवरचे मेल दाबून ठेवावेत का?

जागा कमी असेल तर जरूर. मेल एकदाच लिहिला जातो, बदलत नाही, त्यामुळे एकदा दाबला की झालं. इथे झेडस्टँडर्ड वापरा. २०१६ मध्ये आलेली ही पद्धत डिफ्लेटपेक्षा वेगाने चालते आणि दाबतेही चांगलं.

मात्र डिस्कवर दाबलेला मेल आयमॅप कॉम्प्रेशनमधून गेला की सर्व्हर आधी उलगडतो, मग पुन्हा दाबतो. डिस्कवरचे दाबलेले बाइट थेट लाईनवर सोडता येत नाहीत. लोकांना वाटतं दोन्ही चालू म्हणजे एकदाच काम. तसं नाही.

रात्रीचा बॅकअप बेळगावहून दुसऱ्या गावी जातो, तिथे?

फाईली नेणाऱ्या आरसिंकला दाबण्याचा 'झेड' पर्याय लावला असेल आणि खाली एसएसएच या सुरक्षित जोडणीलाही दाबण्याचा 'सी' लावला असेल, तर एक काढा. दोनदा दाबून प्रोसेसर तापतो, हाती काही लागत नाही. डिस्कवर मेल आधीच दाबलेले असतील तर दोन्ही काढा. आरसिंक दाबलेल्या फाईली ओळखतो त्या नावाच्या शेपटीवरून, आणि मेलडिरमधल्या (डव्हकॉट मेल साठवतो त्या फोल्डरमधल्या) फाईलींना तशी शेपटीच नसते. तो बिचारा दाबलेलं पुन्हा दाबत बसतो.

सर्व्हर क्लाउडवर आहे. तिथे हिशेब बदलतो?

बदलतो, दोन्ही पारड्यांत. बाहेर जाणाऱ्या डेटाचे जीबीमागे पैसे लागतात, म्हणजे दाबलं तर बिल घटतं. पण स्वस्त मशीन 'क्रेडिट' वर चालत असेल तर सीपीयूची शिल्लक सकाळच्या गर्दीत संपते आणि मशीन रांगायला लागतं. टॉपमध्ये 'एसटी' चा आकडा वाढलेला दिसला तर समजा, तुमच्या वाट्याचा प्रोसेसर दुसरा कुणी खातोय किंवा पुरवठादार हात आखडता घेतोय. अशा वेळी लेव्हल १, त्याहून वर नाही.

जुन्या कपाटातला रास्पबेरी पाय ४ सर्व्हर म्हणून लावणाऱ्यांसाठी: त्याच्या प्रोसेसरमध्ये एईएस या एन्क्रिप्शनच्या पद्धतीची वेगळी सोय नाही, एन्क्रिप्शनच त्याला जड जातं. वर कॉम्प्रेशनचं ओझं टाकायच्या आधी विचार करा.

कॉम्प्रेशनमुळे डीकेआयएमची सही मोडते का?

नाही. डीकेआयएम म्हणजे मेल वाटेत बदललेला नाही हे पटवणारी सही, आणि पलीकडे उलगडल्यावर मेल बाइटन् बाइट तोच असतो.

कोणत्या क्लायंटला हे कळतं?

थंडरबर्ड आपण होऊन वापरतो, सर्व्हरने सोय आहे असं सांगितलं की पुरे. फोनवरच्या के-९ मेलमध्ये बरीच वर्षं मोबाइल डेटा, वाय-फाय आणि इतर अशा वेगळ्या खुणा होत्या, कुठे दाबायचं ते तुम्ही ठरवायचं. मला ती कल्पना फार आवडायची. ऑफिसच्या वाय-फायवर नको, कणकुंबीच्या वाटेवर हवं, हे फोनला सांगता यायचं. जो क्लायंट मागतच नाही त्याला सर्व्हर दाबून देत नाही, त्यामुळे तुम्ही चालू केलं म्हणून कुणाचं काही मोडणार नाही.

आमच्या सर्व्हरवर फायदा होईल का, हे आधीच कसं कळेल?

स्वतःचेच मेल मोजा. एखाद्या शाखेच्या खात्यातलं मेलडिर घ्या. डिस्कवर दाबलेलं असेल तर आधी उलगडून घ्या. टारमधून पाईप करून जीझिपला द्या, एकदा लेव्हल १, एकदा ६, एकदा ९. दर वेळी बाहेर आलेले बाइट मोजा आणि पुढे टाईम लावून सेकंद लिहून घ्या. तीन ओळींचा तक्ता होईल. लेव्हल १ वर एक चतुर्थांशच वाचत असेल तर तुमचे मेल अटॅचमेंटने भरलेले आहेत आणि वरच्या लेव्हलमध्ये काही ठेवलेलं नाही. निम्म्याहून जास्त वाचत असेल तर मजकूर भरपूर आहे, ३ किंवा ६ करून बघायला हरकत नाही. मग साडेदहा ते साडेअकरा या तासात सर्व्हरचा लोड आणि लाईनचा वापर शेजारी शेजारी ठेवून बघा. दुपारी तीनचे आकडे घेऊन निर्णय करू नका, तेव्हा सर्व्हर आणि माणसं दोन्ही झोपलेली असतात.

चालू केलं, तरी खानापूरला मेल हळूच उघडतो.

मग आजार रुंदीचा नाही, अंतराचा किंवा गळतीचा आहे. पिंग करून बघा, म्हणजे सर्व्हरला हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते मोजा. उत्तर यायला अर्धा सेकंद लागत असेल किंवा दहातली दोन पाकिटं वाटेतच पडत असतील, तर दाबून काही होणार नाही. आयमॅपचं बोलणं प्रश्न-उत्तर, प्रश्न-उत्तर असं चालतं आणि प्रत्येक फेरीला तेवढाच वेळ जातो, पत्र लांब असो की आखूड. तिथे क्लायंटला सगळं ऑफलाईन उतरवून ठेवायला सांगा, इनबॉक्समधले दहा हजार जुने मेल वर्षवार फोल्डरमध्ये हलवा. वहिनींच्या शाखेत शेवटी हेच केलं. कॉम्प्रेशनही आहे, लेव्हल १ वर, पण श्रेय त्याला देऊ नका.

नकोसं वाटलं तर बंद कसं करायचं?

डव्हकॉट २.३ मध्ये आयमॅपच्या प्लगइन्सच्या ओळीतून 'आयमॅप झेडलिब' काढा आणि रीलोड करा. जी कनेक्शनं आधीच उघडी आहेत ती तुटेपर्यंत दाबलेलीच चालतील, पुढच्या लॉगिनला क्लायंटला सोय दिसणार नाही आणि तो गुपचूप साधं बोलायला लागेल. डिस्कवरचे मेल दाबून ठेवत असाल तर मात्र नुसतं 'झेडलिब' नावाचं वेगळं प्लगइन आहे, त्याला हात लावू नका. ते काढलं की जुने दाबलेले मेल उघडेनासे होतील आणि सकाळी साडेदहाला फोन सुरू होतील.